बांगडी मनगटात जाईना

माझ्या डोहाळजेवणाला आलेल्या प्रत्येक बाईने मला सांगितलं की मी फार छान दिसते. गाल वर आलेत, हात भरलेत, पावलं कशी गुबगुबीत झालीत. मीही खुशाल ऐकून घेतलं. एरवी मी काडीपैलवान. शाळेत मला वाऱ्याच्या दिवसात खिशात दगड ठेवून ये म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या अंगाला भरलेलं म्हणत होतं, तर मी कशाला नको म्हणू? ते भरलेलं अंग म्हणजे आजार होता, हे त्या कौतुक करणाऱ्यांत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

आता मी बरी आहे. मुलगी चालायला लागलीय आणि मी शिवायला बसले की मशीनच्या पायडलवर चढून बसायचा हट्ट करते. आमच्याकडे काम करणाऱ्या एका संस्थेच्या वैशालीताई म्हणाल्या, तू बोलतेस तसंच लिहून दे, आपण ते वस्त्यांवर पोरींना वाचून दाखवू. आमच्या डोंगरातल्या पोरींना ताप, कावीळ, साप चावणं हे आजार वाटतात. दिवस गेलेल्या बाईला दिवस जाण्याचाच आजार होऊ शकतो, हे काही केल्या पटत नाही. म्हणून लिहितेय. औषधांची नावं मात्र विचारू नका, ती मला तेव्हाही कळत नव्हती.

उलटा रस्ता

मी सोनाली. मी, माझा नवरा रोहिदास आणि सासूबाई मंचरला एका खोलीत राहतो. तो बाजारात कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलतो, मी ब्लाउज शिवते. दोघांचीही गावं वर डोंगरात, आंबेगावच्या पश्चिमेला. मंचरला आमच्या खोलीपासून मोठा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे ज्या बाईला बाळंत व्हायचंय तिने हलूच नये अशी जागा.

पण पहिलं बाळंतपण आईचं, दुसरं सासूचं. ही रीत आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ती असतेच. सातव्यात आई न्यायला आली. रोहिदास हळूच म्हणाला, इथंच राहिलीस तर? त्यावर माझ्या सासूबाईंनीच त्याला गप्प केलं. उद्या लोक म्हणतील, सासूने पोरीला माहेरी धाडलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. आईच्या हातची नाचणीची भाकरी, ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा आणि दिवसभर कुणी 'बाई, माझा ब्लाउज झाला का?' विचारायला नाही. सगळं जग डोंगर उतरून दवाखान्याकडे जातं. मी दवाखान्याशेजारून उठून एसटीने घोडेगाव, घोडेगावहून दुसऱ्या गाडीने फाटा आणि फाट्यावरून पायी वस्तीवर गेले.

काही दिवसांनी ब्लाउजच्या बाह्या दाटायला लागल्या. शिवणारणीला काय, मी शिवण उसवून बाही सैल केली. पुन्हा दाटली, पुन्हा उसवली. आई कौतुकाने बघायची. तिच्या घरचं अन्न माझ्या अंगी लागतंय याहून मोठं सुख तिला कुठलं? डोकं दुखायचं ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. अधूनमधून डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, भरदुपारी. ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला झोपून राहा म्हणाले असते आणि मला झोपून राहायचा मनस्वी कंटाळा.

चुडा

आठव्यात आईने डोहाळजेवण मांडलं. हौसामावशी म्हणजे घोडेगावची कासारीण. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ती वस्तीवर आली. तिच्याकडून बांगडी भरून घेणं हे आमच्याकडे मानाचं काम. ती आधी हात हातात घेते, बोटं चुरते, अंगठा तळव्यात दुमडते आणि गप्पांच्या नादात बांगडी कधी मनगटात उतरली ते कळतही नाही.

त्या दिवशी बांगडी अंगठ्याच्या मुळाशीच अडली. मावशीने साबणाचं पाणी लावलं. एक बांगडी वाढली, मग दुसरी. हिरवी बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण सगळ्यांचे चेहरे जरा उतरलेच. मावशीने मोठं माप काढलं. तेही जाईना. मग कुणीतरी म्हणालं, "अंग भरलंय पोरीचं, कासारणीच्या पेटीत माप न्हाई," आणि सगळ्याजणी हसल्या. मीही हसले.

वैशालीताई त्याच दिवशी वस्तीवर आल्या होत्या. त्यांची संस्था डोंगरातल्या बायका बाळंतपणात दगावू नयेत म्हणून काम करते. जीप घेऊन त्या ठरलेल्या वारी वस्त्या फिरतात. आईने त्यांना आग्रहाने पंगतीला बसवलं होतं. त्या जेवता जेवता माझ्या हाताकडे बघत होत्या. हौसामावशीने मनगट सोडलं तेव्हा तिच्या अंगठ्याचा खळगा माझ्या कातडीवर तसाच राहिला, ओल्या मातीवर राहावा तसा. ताई ताटावरून उठल्या, हात धुतले आणि पिशवीतून बीपीचं मशीन काढून माझ्या दंडाला पट्टा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. त्यांनी आकडा सांगितला नाही. आईला म्हणाल्या, हिला आत्ताच खाली न्यायला हवं, जीप तयार आहे.

आई म्हणाली, नाही.

ती काही वाईट बाई नाही. आठव्या महिन्यात गरोदर बाईने गावाची वेस ओलांडायची नसते, आणि आठव्यातलं मूल जगत नाही, सातव्यातलं एकवेळ जगतं, हे ती तिच्या आईकडून ऐकत आली होती. "नववा लागला का मी सोता घिऊन येते, ताई. पण आठव्यात न्हाई." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. सणाच्या घरातून ओटी भरायला बसलेली पोर उठवून न्यायची म्हणजे काय?

ताईंनी वाद घातला नाही. त्या माझ्याजवळ बसल्या आणि विचारलं, डोकं दुखतं का? दुखतं म्हटलं. डोळ्यांना काही होतं का? मी लाजून सांगितलं की कधी कधी काजवे दिसतात.

आईच्या हातात करंज्यांची परात होती. ती तिने खाली ठेवली.

"जनीलाबी काजवं दिसायचं," ती म्हणाली.

जनी म्हणजे आईची थोरली बहीण. मला तिचं फक्त नाव माहीत होतं, आणि तेही घरात घ्यायचं नाही हे माहीत होतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, अंगाला सूज होती, तिचंही सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मग झटके आले. लोकांनी बाहेरची बाधा म्हणून देवऋषी आणला. आई तेव्हा लग्नाची नव्हती, जनीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बाळही गेलं, जनीही गेली. बाधेने गेलेल्या बाईचं नाव पुन्हा घरात घेत नाहीत, म्हणून ते इतकी वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

आई आत गेली. ती आत रडत असेल असं मला वाटलं. बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं होतं, काखेत पातेलं आणि खांद्यावर गोधडी.

"पयलं बाळंतपण आईच्या हातचं आसतंय," ती सगळ्यांना म्हणाली. "आईनं कुठं बसावं ह्ये कुनी सांगितलंय? मी जिथं चूल मांडीन तिथं हिचं माहेर. वेशीचं पाप माज्यावर."

हौसामावशीने माझा चुडा फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवला.

पुन्हा मंचर

डोंगर उतरताना मला भीती वाटली. तोवर नव्हती वाटली. आई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्या मांडीवर आधी कुणाचं डोकं होतं ते मला नुकतंच कळलं होतं. प्रत्येक वळणावर ती माझ्या डोळ्यांत वाकून बघायची, म्हणून मी ते मुद्दाम उघडे ठेवले.

घोडेगावच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि पुढे धाडलं. पुढे म्हणजे मंचर. ज्या दवाखान्याशेजारून मी मोठ्या थाटात निघाले होते, तिथेच मला स्ट्रेचरवरून आणलं. रोहिदास गोण्या टाकून तसाच धावत आला, केसांत कांद्याची सालं. माझ्याकडे बघून म्हणाला, "आलीस व्हय?" जणू मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ घेऊन आले होते. मला हसू आलं आणि हसता हसता रडूच कोसळलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्या कॉटवर बसल्या. हा आजार गरोदरपणातच येतो, त्यात बीपी चढतं, सूज येते, बीपी आवरलं नाही तर झटके येतात, आणि बाळ बाहेर आल्यावरच तो उतरतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. बाळ अजून कच्चं आहे, त्याला आत जितके दिवस मिळतील तितके बरे. पण तुझ्या जिवावर बेतलं तर वाट बघणार नाही. मी विचारलं, मी वाचेन ना? त्या 'हो' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "वेळेत आलीस." पुढचे सगळे दिवस मी ते दोन शब्द धरून होते.

वॉर्डातले दिवस

पहिल्या इंजेक्शनांनी अंगभर मिरची चोळल्यासारखी आग झाली. औषध जास्त तर होत नाही ना ते बघायला सिस्टर येऊन गुडघ्यावर छोटी हातोडी मारायच्या आणि पाय उडाला की खूश व्हायच्या. कुणी आपल्याला मारलं आणि आपण लाथ झाडली तर शाबासकी मिळते, अशी जगात तेवढीच एक जागा. लघवी मापून ठेवायची. डोळ्यांवर उजेड नको म्हणून पडदा. सकाळी डॉक्टरांचा राउंड, मग झाडणाऱ्या मावशी, मग चहा, आणि मग कॉटवर पडून छताकडे बघायचं. ज्या कंटाळ्याला भिऊन मी काजवे लपवले होते तो सगळा व्याजासकट मिळाला.

शेजारच्या कॉटवर राजुरीच्या सुरेखाताई होत्या. घरी बागायती, ट्रॅक्टर, दारात गाडी. मला वाटायचं हा आजार आम्हा डोंगरातल्यांनाच. पण त्यांच्याही सुजेचं घरच्यांनी असंच कौतुक केलं होतं. त्या म्हणायच्या, आमच्या सासूबाईंनी तर माझी दृष्ट काढली. दोघींना एकदम हसू यायचं आणि सिस्टर ओरडायच्या की बीपी चढेल.

आई संस्थेच्या घरात उतरली होती. दवाखान्यामागच्या गल्लीत संस्थेने एक घर घेतलंय. वरून आलेल्या बायका आणि त्यांची माणसं तिथे राहतात, स्वयंपाक करतात. आईने तिथे चूल मांडली, चूल म्हणजे गॅस, आणि थोड्याच दिवसांत ती त्या स्वयंपाकघराची मालकीण असल्यासारखी वागू लागली. कुणाच्या भाकरीला पदर सुटत नाही, कुणाची भाजी खारट, सगळ्यावर तिची नजर. बीपीवाल्या बायकांना मीठ बेताचं हे वैशालीताईंनी एकदा सांगितलं आणि मग आई मिठाची बरणी कमरेला बांधायचीच काय ती राहिली.

तिचं आणि सासूबाईंचं मात्र बिनसलं होतं. मी मंचरला होते तोवर धडधाकट होते, असं सासूबाई व्हरांड्यात बोलून गेल्या. आईने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी शेवग्याच्या शेंगांची आमटी पाठवली तर आईने डबा घासून, पुसून, रिकामा परत दिला. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी टाकतात. रिकामा डबा म्हणजे तोंडावर दार लावणं. रोहिदास तो डबा हातात घेऊन माझ्या कॉटशी उभा राहिला आणि म्हणाला, "बीपी तुलाच हाये का ह्या दोघींलाबी?"

आठवा की सातवा

औषधांनी दम धरला तोवर धरला. मग एका सकाळी बीपी काही केल्या उतरेना, पोटाच्या वर दुखायला लागलं, काजवे परत आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही, ऑपरेशन करून बाळ काढू.

आईने हात जोडले. "नववा लागूद्या, बाई. लई थोडं ऱ्हायलंय."

"नववा लागेल," त्या म्हणाल्या. "पण तोवर सोनाली राहायला हवी ना?"

आईने जोडलेले हात सोडले आणि माझ्या पायांवरून फिरवत राहिली. रोहिदासने सही केली. मी भ्याले होते, लपवत नाही. त्याला म्हटलं, माझं काही झालं तर शिलाई मशीन विकू नकोस, लेकराला ठेव. तो म्हणाला, "गप. मशीनला त्याल तूच घालायचंस." आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मुलगी झाली. मी तिला पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, काचेच्या पेटीत, आंब्याच्या कोवळ्या पानासारखी तांबूस. एवढीशी की तिला घालायला शिवलेली झबली बघून मलाच हसू आलं. पण मनात पाल चुकचुकलीच. आठव्यातली. मी दवाखान्याजवळ राहणारी, मोबाइल वापरणारी बाई. तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. पेटीजवळ उभी राहून मी कितीदा तिची छाती हलते का बघितली असेल.

आईने त्यावर तोडगा काढला. तिने सरळ महिने बदलले. वॉर्डात, व्हरांड्यात, संस्थेच्या घरात, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती ठामपणे सांगू लागली, "सातव्यातली हाये. सातव्यातलं जगतंय." डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं, आईकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या कॉटकडे गेल्या. त्यांचे मी त्यासाठी फार उपकार मानते. माझी मुलगी कागदावर आठव्यातली आणि आईच्या हिशोबाने सातव्यातली, असे दोन्हीकडचे आशीर्वाद घेऊन वाढली.

पेटीतून बाहेर काढल्यावर सिस्टरांनी तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवून ओढणीने बांधलं. माझ्या अंगाची ऊब हेच तिचं औषध म्हणाल्या. मी दमले की रोहिदास शर्ट काढून बसायचा. गोण्यांच्या त्या छातीवर ती मुठी आवळून गाढ झोपायची आणि तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

बाळंतपणानंतर बीपी लगेच उतरलं नाही. गोळ्या पुढे बरेच दिवस चालल्या. जरा डोकं जड झालं की मी भिंतीकडे बघून काजवे शोधायचे. ही भीती कुणी सांगत नाही म्हणून सांगते. ती असते, आणि हळूहळू जाते. संस्थेच्या घराच्या ओट्यावर सकाळचं ऊन यायचं. मुलीला पोटाशी घेऊन मी तिथे बसायचे, बाजूला सुरेखाताई त्यांच्या मुलाला घेऊन. आतून आईचा भाकऱ्या थापायचा आवाज. एक दिवस आईने नाचणीचे लाडू केले आणि सासूबाईंचा डबा मागवून घेऊन तो काठोकाठ भरला. सासूबाई स्वतः डबा घ्यायला आल्या आणि जेवूनच गेल्या.

बारसं आणि नंतर

बारसं मंचरच्या खोलीत झालं. नणंदेने टीव्हीतलं बघून आराध्या नाव ठेवलं, जे माझ्या आईला अजून नीट म्हणता येत नाही. हौसामावशी न बोलावता आली. पेटीच्या तळातून तिने फडकं काढलं. माझा चुडा तिने तसाच ठेवला होता. बांगड्या मनगटात गेल्या त्या थेट कोपरापर्यंत घरंगळल्या. मावशी म्हणाली, "आता ल्हान माप आनावं लागंल," आणि इतकी खूश झाली की पैसे घेईना. ते मी जबरदस्तीने तिच्या पेटीत टाकले.

आता मंचरला मी दुपारी संस्थेच्या घरात जाते. वरून आलेल्या बायकांना झबली, दुपटी शिवून देते, आणि ज्या घाबरलेल्या असतात त्यांच्याजवळ बसते. वर गेले की आईकडे राहते.

मागच्या खेपेला आईकडे गेले होते तेव्हा पलीकडच्या वस्तीवर एका पोरीचं डोहाळजेवण होतं. आई, मी, हौसामावशी, सगळ्याच होतो. मावशीने पोरीचा हात हातात घेतला, अंगठा दुमडला, बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. तिने जोर केला नाही. हात खाली ठेवला आणि माझ्या आईकडे बघितलं. बायका नेहमीसारख्या म्हणू लागल्या, अंग भरलंय हो पोरीचं, दृष्ट काढा.

आई उभी राहिली. दुसऱ्याच्या कार्यात ती कधी मधे बोलत नाही.

"माजी एक भईन व्हती," ती म्हणाली. "जनी तिचं नाव. तिचंबी आसंच भरलं व्हतं."

शुभकार्यात मेलेल्या बाईचं नाव घेतलं म्हणून कुणीतरी तोंडावर पदर धरला. आई थांबली नाही. जनीला काय झालं, मला काय झालं, सगळं तिने उभ्या उभ्या सांगितलं आणि जनीचं नाव पुनःपुन्हा घेतलं. सांगून झाल्यावर ती त्या पोरीच्या आईला म्हणाली, तांदूळ बांध, पातेलं घे, चूल तिथं बी मांडता येती. मी वैशालीताईंना फोन लावला.

जीप आली. पोरीच्या आईने गाठोडं डोक्यावर घेतलं, पोरीला आत बसवलं आणि दार लागलं. अंगणात पाट तसाच होता, ओटीचं सामान तसंच, आणि हौसामावशी तो न भरलेला चुडा हातात धरून उभी होती. कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

"फडक्यात बांधून ठिव गं," आई म्हणाली. "पोरगी बारशाला घालंल."